माझ्याच कुलपावर माझा विश्वास कसा, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"स्वतः लिहिलेल्या पासवर्ड मॅनेजरवर तुमचा विश्वास बसतो कसा?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर आता एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. अमळनेरच्या माझ्या कार्यालयात जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी येणारे क्लायंट तो काळजीने विचारतात आणि धुळ्याचे व्यवसायबंधू दटावणीच्या सुरात विचारतात. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला माझा मावसभाऊ तर विचारतही नाही, "ताई, असलं कुणी स्वतः लिहितं का?" एवढेच म्हणतो. या सगळ्यांना मी आजवर वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्यांपैकी एकही पुरते प्रामाणिक नव्हते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करते, कारण त्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. कूटलेखनाची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर करण्याची, पद्धत मी शोधून काढलेली नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील सुमारे चारशे ओळींचा हा प्रोग्रॅम टर्मिनलवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणाऱ्या खिडकीत चालतो, मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे उघडणारा एकच पासवर्ड विचारतो आणि माझे व क्लायंटचे पासवर्ड असलेली एक फाइल उघडतो, याहून त्यात फारसे काही नाही. फाइल कुलूपबंद करण्याचे काम एईएस ही कूटलेखनाची पद्धत करते, जी अमेरिकेच्या मानक संस्थेने 2001 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली आणि तेव्हापासून जगभरचे तज्ज्ञ तपासत आले आहेत. मास्टर पासवर्डवरून किल्ली तयार करण्याचे काम आर्गॉन-2 करते, जे 2015 मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या, म्हणजे पासवर्डवरून उलट न फिरवता येणारा आकडा काढण्याच्या, खुल्या स्पर्धेत पहिले आले. दोन्ही मी तयार लायब्ररींमधून, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडच्या संचांमधून घेतली आहेत. आर्गॉन-2 ला मी प्रत्येक प्रयत्नासाठी 64 मेबीबाइट मेमरी आणि 3 फेऱ्या लावल्या आहेत, म्हणजे माझी फाइल चोरून नेणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी तेवढी मेमरी आणि तेवढा वेळ खर्च करावा लागेल. सुताराने कपाट स्वतः केले, पण त्याला बाजारातले चांगले कुलूप लावले, तर त्या कपाटाला घरगुती कुलूप म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे होते.

मात्र हे म्हणणे मी ज्या दिवसापासून मांडत आले त्या दिवशी ते खरे नव्हते, हेही मला सांगितले पाहिजे. 2019 मध्ये लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत आर्गॉन-2 नव्हते, मास्टर पासवर्डला एकदाच एसएचए-256 हे साधे हॅशिंग लावून मी त्याचीच किल्ली करीत होते. ते गणित इतके झटपट होते की ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात तसे अब्जावधी अंदाज तपासू शकते, आणि हा झटपटपणाच तिथे घातक आहे हे मला तेव्हा कळले नव्हते. नवे पासवर्ड तयार करायला मी पायथनचे वाटेल तसे आकडे काढून देणारे 'रँडम' मॉड्यूल वापरले होते. त्याच्यातून निघालेले सलग 624 आकडे हाती आले तर पुढचा प्रत्येक आकडा सांगता येतो, म्हणूनच सुरक्षेच्या कामासाठी ते वापरू नका असे पायथनच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. त्यासाठीचे वेगळे 'सिक्रेट्स' मॉड्यूल 2016 पासून उपलब्धही होते. मी ते पान वाचले नव्हते. त्या काळातली मी लोकांना सांगत असे की हा प्रोग्रॅम जगात कोणाला ठाऊकच नाही, मग तो फोडायला येणार कोण? त्या बाईशी आज मला भांडावेसे वाटते. यंत्रणेची सगळी रचना शत्रूच्या हाती पडली तरी फक्त किल्लीच्या जोरावर ती टिकली पाहिजे, हे कूटलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच लिहून ठेवले होते, आणि मी एकविसाव्या शतकात माझ्या रचनेच्या अज्ञातपणावर भरवसा टाकून बसले होते.

मास्टर पासवर्डबाबतही माझा असाच भ्रम होता. भरीत, कळणा, बिबडे अशा आपल्या खान्देशी शब्दांची एक साखळी मी मनाने जुळवली होती, आणि हे शब्द परदेशातल्या कोणत्या यादीत सापडणार, असे मला वाटत होते. परंतु मनाने निवडलेले शब्द म्हणजे ज्या माणसाला मी ठाऊक आहे त्याला सुचतील असेच शब्द. पुढे मी 7776 मराठी शब्दांची यादी रोमन अक्षरांत केली, कारण पाच फाशांच्या एका फेकीत तेवढ्याच शक्यता असतात, आणि फाशांनी जे सहा शब्द दिले ते निमूट पाठ केले. त्यांत एकमेकांशी नाते असलेले दोन शब्दही नाहीत. ते पाठ व्हायला मला आठ दिवस लागले.

या दुरुस्त्या 2020 पर्यंत झाल्या होत्या. त्यामुळे पुढे जे घडले तेव्हा माझ्या मनात शंकेला जागाच उरलेली नव्हती.

मे 2022 मधली दुपार होती. बाहेर ऊन मी म्हणत होते, कूलर बंद करून मी नव्या लॅपटॉपवर जुन्या फाइली हलवीत होते, आणि पारोळ्याच्या एका जिनिंग मिलच्या मालकांचे जुने पत्र मला सापडत नव्हते. या मालकांना आम्ही सगळे नाना म्हणतो. मी टर्मिनल उघडले आणि संपूर्ण होम फोल्डरमध्ये त्यांच्या फर्मचे नाव ग्रेप या शोध घेणाऱ्या आज्ञेने शोधायला लावले. पत्र सापडलेच, पण त्याच्या खाली आणखी एक ओळ आली, एक बायनरी, म्हणजे साध्या मजकुराची नसलेली, फाइल जुळते अशी. फाइलचे नाव लांबलचक आणि निरर्थक होते, आणि ती विम या एडिटरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये होती. मी ती उघडली. मधल्या कचऱ्यासारख्या चिन्हांत नानांच्या फर्मचे नाव, जीएसटी क्रमांक, युजरनेम आणि पासवर्ड, एका ओळीत, स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते.

काय झाले होते ते समजायला मला दहा मिनिटे लागली आणि पटायला रात्र लागली. माझ्या प्रोग्रॅममध्ये नोंद बदलण्याची एक आज्ञा होती. ती आज्ञा कुलूपबंद फाइल उघडून तिचा मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवीत असे, ती तात्पुरती फाइल विममध्ये दाखवीत असे, आणि मी जतन करून बाहेर पडले की पुन्हा कुलूपबंद करून तात्पुरती फाइल पुसून टाकीत असे. मात्र विममध्ये मी कित्येक वर्षांपूर्वी एक सोय चालू करून ठेवली होती, फाइल बंद केल्यानंतरही केलेले बदल मागे घेता यावेत अशी. त्यासाठी विम बदलण्यापूर्वीची ओळ एका वेगळ्या फाइलमध्ये राखून ठेवते. मी प्रत्येक क्लायंटची सगळी माहिती एकाच ओळीत लिहीत असे. त्यामुळे कोणाचा फक्त मोबाइल क्रमांक बदलला, तरी पासवर्डसकट ती सबंध जुनी ओळ त्या फोल्डरमध्ये जाऊन पडत होती, आणि माझा प्रोग्रॅम तात्पुरती फाइल पुसून आपले काम चोख झाले असे समजत होता. मोजले तेव्हा अशा 47 फाइली निघाल्या, आणि त्यांत 31 क्लायंट होते.

इथवर सगळे माझ्या घरातच होते, असे म्हणून मी स्वतःला सावरले असते. परंतु त्या होम फोल्डरची प्रत मी दर महिन्याला एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत असे, आणि ती डिस्क मार्चमध्ये आवाज करू लागली म्हणून मी ती जळगावच्या एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. ती चार दिवस तिथे होती. देताना मी दुकानदाराला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की महत्त्वाचे जे काही आहे ते कुलूपबंद आहे, तुम्ही निर्धास्तपणे काम करा. त्या चार दिवसांत कोणी काही पाहिले असे मी म्हणत नाही, आणि नंतर कोणाच्याही खात्यात काही वावगे घडल्याचे आढळले नाही. पण पाहिले नसेल असे मी क्लायंटला कशाच्या आधारावर सांगणार होते?

दुसऱ्या दिवसापासून मी फोन करायला सुरुवात केली. बहुतेकांनी पासवर्ड बदलून दिला आणि विषय संपवला. नानांकडे मात्र मी स्वतः गेले, कारण त्यांचे माझ्यावर एक वेगळे ऋण होते. लाल कापडाच्या बांधणीची एक वही नाना तिजोरीत ठेवतात. बँकेचे, जीएसटीचे, ई-वे बिलाचे सगळे पासवर्ड त्यांनी तिच्या शेवटच्या पानावर शाईच्या पेनाने लिहिलेले होते. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना सांगितले होते की नाना, हे पान फाडून टाका, कागदावर पासवर्ड ठेवू नयेत, माझ्याकडे ते सुरक्षित राहतील. त्यांनी माझ्यासमोर ते पान फाडले होते.

मिलच्या ओसरीवर बसून मी त्यांना सगळे सांगितले. विम आणि ग्रेप त्यांना कळावे असा माझा आग्रह नव्हता, म्हणून एवढेच म्हटले की कुलूप पक्के होते, पण दार उघडताना एक चिठ्ठी दरवेळी उंबऱ्यावर पडत होती आणि मी कधी खाली पाहिले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पोरी, मन्ही वही तिजोरीमा से. तुन्ही वही कोठे से?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर देता आले असते.

त्यानंतर मी काय बदलले हे विचाराल, तर ते थोडक्यात सांगते. नोंद बदलण्याची ती आज्ञा मी काढून टाकली, आता प्रत्येक गोष्ट टर्मिनलवरच विचारली जाते आणि उघडा मजकूर डिस्कवर कुठेच लिहिला जात नाही. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत टाइप करायची सोयही काढली, कारण तो शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, इतिहासात उरतो. फाइल जतन करताना आधी नवी फाइल पूर्ण लिहून मगच ती जुनीच्या जागी ठेवली जाते, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी जुनी शाबूत राहते. एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आलेली नाही. पायथनमध्ये एकदा तयार झालेला मजकूर मेमरीतून खात्रीने पुसता येत नाही, आणि लॅपटॉपमध्येच कोणी शिरले असेल तर मास्टर पासवर्ड टाइप करतानाच तो त्याच्या हाती जाईल.

मग मी कीपाससारखे, 2003 पासून असंख्य डोळ्यांखालून गेलेले तयार साधन का घेत नाही? मावसभावाचा हा मुद्दा बिनतोड आहे. माझा प्रोग्रॅम माझ्याखेरीज कोणी वाचलेला नाही, आणि जी चूक मला दोन वर्षे दिसली नाही ती दुसऱ्या एखाद्या वाचकाला पहिल्याच दिवशी दिसली असती. यावर माझे म्हणणे असे की तयार साधन घेतले असते तरी ती डिस्क मी तशीच दुकानात दिली असती, आणि विमची ती सोय काय करते हे आजही मला ठाऊक नसते. चूक माझी होती म्हणून ती मला शोधता आली, असे मी म्हणते, आणि म्हणताना मला जाणवते की 31 माणसांच्या पासवर्डवर मी माझे शिक्षण केले. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी खऱ्या आहेत. कधी वाटते की माझे स्वतःचे पासवर्ड याच फाइलमध्ये ठेवावेत आणि क्लायंटचे दुसरीकडे न्यावेत. तसा निर्णय मी दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.

नानांनी त्या दिवशी माझ्यासमोरच ओटीपी मागवून जीएसटीचा पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड लाल वहीच्या नव्या पानावर लिहिला. माझ्या फाइलमध्ये तो ठेवू का, असे मी विचारले नाही. आता दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत त्यांचे मुनीम फोन करतात आणि एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवतात, मी ते टाइप करते, विवरणपत्र भरते आणि काहीही जतन करीत नाही. फोनवरून पासवर्ड सांगणे योग्य नव्हे हे मला माहीत आहे, आणि ते नानांना सांगायचे माझ्या मनात गेले कित्येक महिने आहे.