डावा ब्रेक

काका पडले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी धावत त्यांच्यापाशी गेले तर आडवे पडल्या पडल्या त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, मी तर मागचाच ब्रेक मारला होता." मला वाटलं धक्क्यामुळे काहीतरी बोलतायत, मी "हो काका, तुम्ही हलू नका" एवढंच म्हटलं आणि ११२ ला फोन लावला. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढचा तासभर लागला, आणि लागला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसले.

आधी थोडं सांगते. मी पुण्याहून सायकल टूर घेऊन जाते, लीडर म्हणून. ही २०१९ च्या सप्टेंबरमधली टूर, ११ जण, पुणे आणि नाशिकचे, बहुतेक पन्नाशी-साठीतले. जागा म्हणजे इटलीच्या उत्तर टोकाचं साउथ टायरॉल, तिथलं फिन्शगाउचं खोरं. इटलीत असलं तरी तिथली माणसं जर्मन बोलतात, गावांच्या पाट्यांवर दोन-दोन नावं. ज्या नदीला बाकी इटली आदिजे म्हणते तिला हे लोक एत्श म्हणतात. रेशेन खिंडीपाशी साधारण १५०० मीटरवर तिचा उगम आणि मेरानला पोचेपर्यंत ती ३२५ मीटरवर येते, तिच्याच कडेकडेने सायकलसाठी वेगळा रस्ता आहे, ऐंशीएक किलोमीटरचा. लहान पोरं घेऊन अख्खी कुटुंबं जातात त्यावरून. मी पण बुकिंगच्या वेळी सगळ्यांना हेच सांगितलेलं, "काही टेन्शन घेऊ नका, जवळपास सगळा उतारच आहे." आता हे वाक्य मी कधीच म्हणत नाही.

सकाळी निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती, बोटं आखडत होती. रेशेनच्या तलावाकाठी पोचलो, तिथे पाण्यातून नुसतं चर्चचं टॉवर वर आलंय, १४ व्या शतकातलं. १९५० मध्ये विजेसाठी धरण बांधून तलावाची पातळी वाढवली आणि ग्राउन गाव पाण्याखाली गेलं, घरं पाडली, टॉवर तेवढं ठेवलं. बाकीचे फोटो काढत होते आणि हे नाशिकचे काका नुसते बघत उभे. मग म्हणाले, "आपलं उजनीतलं पळसनाथाचं देऊळ गं, सेम." पाणी उतरलं की कळस दिसतो ते. त्यांच्या बायकोचं माहेर तिकडचं, इंदापूरकडचं, काकी काहीच बोलल्या नाहीत पण तिथून निघताना सगळ्यात शेवटी त्या निघाल्या.

तर हे काका. वय ६३, बँकेतून रिटायर, दर रविवारी नाशिक ते त्र्यंबकेश्वर आणि परत. ग्रुपमधले सगळ्यात सावध सायकलवाले तेच, मला काळजी होती ती दुसऱ्या दोघांची. सांक्ट वालेंटिन गाव मागे टाकलं की नदी एकदम खाली उतरते आणि रस्ताही, बुर्गाइस गावापर्यंत अडीचशे मीटरची घसरण, मध्ये मध्ये चांगलाच खडा उतार. मी सगळ्यांत पुढे होते, काका माझ्या मागे तिसरे. एका वळणाच्या पुढे एक ट्रॅक्टर रस्ता ओलांडत होता. मी थांबले, माझ्या मागचे दोघं थांबले, आणि मागून फक्त धप्प असा आवाज आला. काका हँडलवरून उडून पुढे उजव्या खांद्यावर आपटले होते आणि सायकल त्यांच्या पायांवर. वेग फार नव्हता, वीसएक असेल.

ट्रॅक्टरवाला शेतकरी उतरून आला, त्याने आपलं जाकीट काढून काकांच्या अंगावर घातलं आणि स्वतः मागे जाऊन वळणावर उभा राहिला, वरून येणाऱ्या सायकलवाल्यांना हात करून थांबवायला. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. तिथल्या व्हाइट क्रॉसची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

कॉलरबोन गेलेलं, आपण हासळीचं हाड म्हणतो ते, हात लावायच्या आधीच दिसत होतं. हेल्मेटला कानाच्या वर बोटभर लांब चीर. ती चीर डोक्याला असती तर काय, हा विचार मी तेव्हा मुद्दाम केला नाही. आमची व्हॅन चालवणारी बाई तिथलीच, जर्मन-इटालियन दोन्ही बोलणारी, तिला मी काकींना आणि त्यांच्या सायकलला घेऊन ॲम्ब्युलन्सच्या मागे पाठवलं, पासपोर्ट आणि इन्शुरन्सचे कागद व्हॅनमधल्या बॅगेत होते ते बरं झालं. पण म्हणजे आता माझ्याकडे नऊ माणसं, दहा सायकली अन् माझी अकरावी, खाली उतार, आणि मागे व्हॅन नाही.

सगळ्यांना म्हटलं चालत जाऊ. काकांची सायकल मी हातात घेतली, माझी ग्रुपमधल्या दोघांनी आळीपाळीने आणली. उतारावर सायकल ढकलत नेताना ती पुढे पळते, म्हणून मी सवयीने डाव्या हाताने हळूच ब्रेक दाबला, मागचा धरावा म्हणून. आणि मागचं चाक उचललं गेलं.

तिथेच मला कळलं.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्याला मागचा. आपल्या साध्या सायकलींना तसंच, आणि मुख्य म्हणजे ऍक्टिव्हाला तसंच, बाईकलासुद्धा पुढचा उजव्या हाताला. युरोपात बहुतेक ठिकाणी सायकलला उलटं, डावा लिव्हर पुढच्या चाकाचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये मी सांगितलंही होतं, उजवीकडून चालवा, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, गिअर असे, पाणी इथे मिळेल, आणि "ब्रेक उलटे आहेत बरं का, डावा पुढचा". एक वाक्य. सगळ्यांनी मान डोलावली. पण तीस वर्षं स्कूटर चालवलेल्या हाताला एका वाक्याने काय कळणार? माझी स्वतःची पाचवी टूर होती तिथली आणि माझाही हात चुकलाच की.

काकांना लहानपणी वडिलांनी शिकवलेलं, उतारावर पुढचा ब्रेक मारायचा नाही, कोलांटी खाशील. ते आयुष्यभर त्यांनी पाळलं. ट्रॅक्टर दिसल्यावर त्यांनी तेच केलं, घाबरून दोन्ही ब्रेक न दाबता नीट आठवणीने फक्त डावा दाबला, मागचा समजून, आणि जोरात, कारण मागचा ब्रेक जोरातच दाबावा लागतो. त्यांच्या घरच्या सायकलला रबराचे ब्रेक. ही भाड्याची, हायड्रॉलिक डिस्कवाली, दोन बोटांत चाक जाम होतं. ब्रेक लागला की वजन आधीच पुढे येतं, उतारावर तर अजूनच, मागचं चाक हलकं होतं आणि माणूस सरळ हँडलवरून पुढे. ते घाबरट असते आणि आधीपासून दोन्ही लिव्हर हलके हलके दाबत आले असते तर कदाचित वाचले असते. हे मला फार लागलं.

बुर्गाइसला पोचलो, वर डोंगराच्या अंगाला मारियनबेर्गचा पांढराशुभ्र मठ, त्याच्याकडे बघायच्या मूडमध्ये कोणीच नव्हतं. तिथे एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, सायकलवर बसू नका, बाजूला उभं राहून चालवत न्या, आणि मी टाळी वाजवली की मागचा ब्रेक दाबा. टाळी वाजवली. नऊपैकी सात जणांनी डावा दाबला. सात! आणि सकाळी याच सगळ्यांनी मला "हो कळलं" म्हटलेलं. एका ताईंना तर रडूच आलं, म्हणाल्या, "म्हणजे मी तासभर तशीच उतरत होते?"

टूलकिटमध्ये पंक्चरच्या सामानाबरोबर लाल इन्सुलेशन टेप होती, ती प्रत्येकाच्या डाव्या लिव्हरला गुंडाळली. मग दीड तास तेच. आधी चालत, मग सपाटीवर हळू, मग छोट्या उतारावर, उजवा आधी आणि डावा नुसता बोटाने स्पर्श केल्यासारखा, बूड सीटच्या मागे सरकवून. "उजवा मागचा" असं ओरडत फेऱ्या मारायच्या, लहान मुलांसारख्या. मी एकेकाला म्हणाले, जमत नाहीये असं वाटत असेल तर सांगा, माल्सहून मेरानला ट्रेन आहे, त्यात कमीपणा काही नाही. दोघांनी ट्रेन घेतली आणि मला ते मनापासून बरं वाटलं.

बाकी सातजण माझ्याबरोबर आले. माल्सनंतर ग्लुर्न्स, चारी बाजूंनी तटबंदी शाबूत असलेलं इवलंसं गाव, मग खोरं रुंद होतं आणि सफरचंदाच्या बागा सुरू होतात त्या संपतच नाहीत. तोडणी चालू होती, मोठ्या लाकडी पेट्या भरलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर पडून चिरडलेली सफरचंदं, त्याने चाक घसरतं. दुपारनंतर समोरून, खोऱ्याच्या खालून वर वारा सुटला, उतार असूनही पॅडल मारावं लागत होतं, आणि त्या दिवशी मला तो वारा देवासारखा वाटला कारण कोणाचाच वेग वाढत नव्हता.

संध्याकाळी मुक्कामी काका हात गळ्यात बांधून खुर्चीत बसलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलेलं, सहा आठवडे हात बांधून ठेवायचा. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, काका, चूक माझी आहे, मी नुसतं सांगितलं, करून घेतलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी ब्रेक बरोबरच मारला होता." हो काका. "मग ठीक आहे. मला वाटलं माझं वय झालं."

त्या रात्री भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानातल्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला लिव्हरच्या नळ्या अदलाबदल करून तेल भरून देतो, वेळ लागतो पण होतं, आधी कोणी मागितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने चार सायकलींचे ब्रेक आपल्यासारखे करून दिले, बाकीच्यांना तोवर लाल टेपची सवय झाली होती. आता माझ्या बुकिंग फॉर्ममध्ये उंची-वजनाच्या आधी प्रश्न असतो, घरी काय चालवता आणि त्याचा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला.

काकी दुसरा दिवस व्हॅनमध्येच बसल्या काकांजवळ. तिसऱ्या दिवशी काकांनीच त्यांना बाहेर काढलं, "मी बसतो व्हॅनमध्ये, पैसे भरलेत, तू चालव." काकींनी ब्रेक बदलून घेतले नव्हते, टेपच लावून घेतलेली. मेरानच्या आधी ट्योलला नदी पुन्हा एकदा खाली कोसळते आणि सायकलचा रस्ता आल्गुंडपर्यंत नागमोडी वळणांनी उतरतो, त्या दिवसातली अवघड जागा तीच. मी काकींच्या मागे राहिले. प्रत्येक वळणाआधी त्या मोठ्याने म्हणत होत्या, उजवा, उजवा. खाली शेवटच्या वळणाच्या पुढे व्हॅन उभी होती, काका बाहेर येऊन कठड्याला टेकून उभे, आणि काकी जवळ येत गेल्या तसं मला दिसलं की ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, हँडलवरच्या हातांकडे बघत होते.