थिंकपॅड टी४८०: दोन बॅटऱ्या आणि नागपूरचा उन्हाळा

माझे यंत्र म्हणजे लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० हा लॅपटॉप: २०१८ चे मॉडेल, इंटेल कोअर आय५-८२५०यू प्रोसेसर, दोन खाचांत मिळून १६ जीबी डीडीआर४ मेमरी, मागच्या बाजूला काढता-घालता येणारी ७२ वॅट-तासांची बॅटरी आणि पोटात २४ वॅट-तासांची दुसरी. एका कंपनीची लीज संपल्यावर बाजारात आलेला हा लॅपटॉप मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील एका दुकानातून घेतला आणि तेव्हापासून मुद्रितशोधनासाठी व मजकूर जुळणीसाठी तो रोज वापरात आहे. मेमरी, एसएसडी आणि पडदा यांच्याबाबत या वर्षी लिहिण्यासारखे काही नाही. जे लिहायचे आहे ते बॅटरीचे आणि उष्णतेचे, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांच्या समजुतीच्या थोडे विरुद्ध जाणारे आहे.

आतल्या बॅटरीची पूर्ण भरल्यावरची क्षमता आता जेमतेम १५ वॅट-तास उरली आहे, तर बाहेरची अजून ६१ वॅट-तास धरते. सायकलींचा, म्हणजे पूर्ण क्षमतेइतका वापर किती वेळा झाला याचा, आकडा पाहिला तर चित्र उलटे दिसते. बाहेरच्या बॅटरीच्या सायकली चारशेच्या पुढे गेल्या आहेत आणि आतलीच्या दीडशेच्या आतच आहेत. म्हणजे जिने जास्त काम केले ती धडधाकट आहे आणि जिला फारसे काम पडले नाही ती थकली. ज्यांना आपल्या यंत्राचे आकडे पाहायचे असतील त्यांनी लिनक्सवर टीएलपी या वीजबचतीच्या प्रोग्रॅमचा बॅटरी अहवाल पाहावा. विंडोजवर पॉवरसीएफजी या आज्ञेने निघणाऱ्या अहवालातही मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारीशेजारी मिळतात.

याचे कारण टी४८० च्या रचनेतच आहे. चार्जर काढला की हे यंत्र आधी बाहेरची बॅटरी वापरते आणि ती जवळजवळ संपली की मगच आतलीकडे वळते. चार्जर लावला की मात्र क्रम उलटतो आणि आधी आतली भरली जाते. आतल्या बॅटरीच्या जोरावर लॅपटॉप बंद न करता बाहेरची बदलता यावी, हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जो माणूस दिवसातील बराच वेळ टेबलाशी, चार्जर लावूनच काम करतो, त्याच्याकडे आतली बॅटरी महिनोन्महिने शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत, मदरबोर्डाच्या शेजारी शेकत पडून राहते. लिथियम-आयन बॅटरीला एवढा जाच पुरेसा होतो. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. या दाबात उष्णतेची भर पडली की सेलमधील अनावश्यक रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात, ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. ही झीज बॅटरी वापरली नाही तरी चालूच राहते. ‘मी तर बॅटरीवर चालवतच नाही, तरी ती गेली कशी’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीही भिंती निवत नाहीत आणि वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही फार तर सुसह्य होते. पुण्यात किंवा बंगळुरूत बसून लिहिलेले ‘माझी बॅटरी पाच वर्षे उत्तम आहे’ असे अनुभव वाचताना विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी हा फरक मनात ठेवावा.

फेब्रुवारीअखेर मी दोन्ही बॅटऱ्यांच्या चार्जिंगच्या मर्यादा बदलल्या. आतली ६० टक्क्यांवर थांबते आणि ५० च्या खाली गेल्याशिवाय पुन्हा भरायला लागत नाही. बाहेरची ८० वर थांबते आणि ७० च्या खाली गेली की भरते. लिनक्सवर टीएलपीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये दोन्ही बॅटऱ्यांसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. विंडोजवर हेच काम लेनोव्हो व्हँटेज या ॲपमधून होते. टीएलपीमध्ये एखादी विशिष्ट बॅटरी चार्जर लावलेला असतानाही मुद्दाम उतरवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून आतली बॅटरी शंभरावरून साठावर आणली. नाहीतर मर्यादा घालूनही ती आपली वरच बसून राहते. संध्याकाळी वीज जाण्याचे दिवस आले की बाहेरच्या बॅटरीची मर्यादा तेवढ्यापुरती उठवून ती पूर्ण भरून घेतो आणि लगेच वापरतो. शंभर टक्के भरण्यात काही गैर नाही. भरून तसेच ठेवण्यात आहे. मर्यादा घातल्यापासून आतल्या बॅटरीची घसरण जवळपास थांबलेली दिसते. अर्थात एका उन्हाळ्यावरून निकाल देणे घाईचे होईल, आणि बॅटरीने सांगितलेली क्षमता हा तिचा स्वतःचा अंदाज असल्यामुळे एखाद्या वॅट-तासाच्या चढउताराला मी महत्त्व देत नाही.

दुसरे मोठे काम पंख्याचे. एप्रिलमध्ये मोठ्या पीडीएफ फाइलींवर अक्षरओळखीचे काम लावले की प्रोसेसर ९७ अंशांपर्यंत जाऊन स्वतःचा वेग कमी करू लागला होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, त्यामुळे हे अपेक्षितच होते. लॅपटॉप उघडण्याआधी बायोसच्या (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या) पॉवर विभागात जाऊन आतली बॅटरी निष्क्रिय करावी, बाहेरची काढावी आणि मगच खालच्या झाकणाला हात लावावा. झाकणाचे स्क्रू सैल होतात पण झाकणातच अडकून राहतात, ही सोय ज्याने केली त्याला हरवलेल्या स्क्रूंचा अनुभव असला पाहिजे.

आत नेहमीच्या करड्या जळमटांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पात्यांवर खरखरीत पांढरा थर बसलेला होता, नखाने खरवडला तर पिठासारखा निघणारा. तो कूलरचा प्रसाद आहे. आमच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. वाळ्याच्या ताट्यांमधून वारा येताना त्यासोबत पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात, ते सुकतात आणि उरलेले क्षार टेबलावर, पुस्तकांवर आणि लॅपटॉपच्या पंख्यावर बसतात. असा थर फुंकरीने किंवा ब्लोअरने निघत नाही. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता या पात्यांपर्यंत नेणारा धातूचा भाग) काढून, मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाती एकेक करून साफ करावी लागली. हीटसिंकवर स्क्रूंचे क्रमांक छापलेले असतात. त्या क्रमानेच ते बसवावेत, म्हणजे दाब सगळीकडून सारखा येतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली जुनी थर्मल पेस्ट वाळून भेगाळली होती. ती पुसून नवी लावल्यावर त्याच कामात तापमान ८४ अंशांच्या आसपास स्थिरावले आणि वेग पडणे बंद झाले. आता लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवत नाही. बाजूला, छताच्या पंख्याखाली ठेवतो. मागची ७२ वॅट-तासांची बॅटरी जाड असून तळाखाली बाहेर आलेली असल्यामुळे यंत्र आपोआप थोडे उचललेले राहते आणि तळातून हवा घ्यायला जागा मिळते, हा तिचा न मागता मिळालेला फायदा.

कीबोर्डबद्दल एक छोटी नोंद. मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत टंकलेखन करतो आणि त्याची खूण कळांवर उमटली आहे. इंग्रजी अक्षरांप्रमाणे पाहिल्यास डी आणि ई या कळा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत, कारण डी वर हलन्त आहे आणि ई वर काना. त्यांच्या खालोखाल एस आणि एफ, म्हणजे मात्रा आणि ऱ्हस्व वेलांटी. उजव्या बाजूला फक्त ‘र’ ची ‘जे’ ही कळ त्यांच्या पंक्तीत बसते. डावा हात स्वरचिन्हांचा आणि उजवा बहुतेक व्यंजनांचा, ही विभागणी कळांच्या चकाकीवरून कोणालाही वाचता येईल. कळा व्यवस्थित दाबल्या जातात, त्यामुळे कीबोर्ड बदलण्याची घाई नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून ‘आता कोणता जुना थिंकपॅड घ्यावा’ अशी विचारणा वाढली आहे. टी४८० मधील आठव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतात, आणि २०१९ च्या टी४९० पासून बाहेरची बॅटरी गेली व मेमरीचा काही भाग बोर्डावर कायमचा जोडला गेला, म्हणून माझे मत अजूनही टी४८० च्याच बाजूने आहे. मात्र घेताना विक्रेत्याकडे दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. ‘बॅकअप चार तास’ या वाक्यात आतली बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी लपून जाते. पडदाही पाहून घ्यावा, कारण यातील पुष्कळ यंत्रे १३६६ बाय ७६८ च्या फिकट पॅनेलसह आलेली आहेत आणि देवनागरीच्या जोडाक्षरांना ते पॅनेल न्याय देत नाही.

आतली बॅटरी १२ वॅट-तासांच्या खाली गेली की बदलायची, असे ठरवले आहे. त्याआधी बदलण्यात अर्थ नाही, कारण दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरीही त्याच झिजेतून गेलेली असते. विकत घेताना वेष्टनावरची तारीख नव्हे, तर बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीख पाहणार आहे, आणि बसवल्यावर पहिल्याच दिवशी ५०-६० ची मर्यादा घालणार आहे.