फ्लीस आखडलं ती दुपार

परभणीत मे महिन्यात दुपारी दोनला कुणी फरशीवर काम काढत नाही. मी काढलं. जूनच्या गणवेशांमुळे सकाळ-संध्याकाळ मशीन मोकळी नसते, आणि ही वाकळ अडून बसली होती. गिऱ्हाइकीण आमच्याच गल्लीतली. आईची तीन इरकली लुगडी आणून दिलेली. वरचा थर त्यांच्या तुकड्यांचा, खाली फ्लीस, म्हणजे लव असलेलं उबदार कापड, नातवाला मऊ लागावं म्हणून. मध्ये कापूस नको, वजन नको.

लुगडी जागोजागी विरलेली. टाचण्यांची भोकं राहतात, कच्चे टाके उसवताना दोरा सूत ओढून आणतो. म्हणून दोन्ही थर धरून ठेवायला स्प्रे. कापडाचा, तात्पुरत्या चिकटीचा. फर्निचरवाल्यांचा नव्हे, तो कायमचा बसतो. आधी काठाच्या चिंधीवर मारून, धुऊन, वाळवून पाहिला. डाग नव्हता.

हा फवारा पेट घेतो. म्हणून गॅस बंद, देवापुढचा दिवा शांत, खिडक्या उघड्या, पंखाही बंद, नाहीतर निम्मा चिकट भिंतीवर जातो. बाहेर 42 अंश. डब्यावर लिहिलंय, 50 अंशांच्या वर ठेवू नका. आमचं छत पत्र्याचं, त्यामुळे तो रांजणाशेजारी राहतो.

शहाबादीवर फ्लीस उलटं पसरलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्ट्या लावून ताणून बसवलं. सुती अस्तर मी असंच बसवते, बारा वर्षांची सवय. वरचा थर अर्धा दुमडला, वीतभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावरून हलका फवारा, मग मधून कडेकडे तळहात फिरवत गेले. उरलेला अर्धाही तसाच. एक सुरकुती नाही. स्वतःवरच खूश होऊन पट्ट्या काढल्या.

फ्लीस डोळ्यांदेखत आखडलं. वरच्या लुगड्याला लाटा आल्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या. टेप लावला तर रुंदीत दीड इंच गेलेला.

चूक माझीच. फ्लीस विणकराच्या मागावरचं नाही, बनियनसारखं गुंफलेलं. आडवं ताणलं की ताणतं, सोडलं की मूळ जागी येतं. लुगडं कुठं येणार?

आत्याबाई दारातून बघत होत्या. "काय करायलीस गं? लेकराला झोळीत निजवतेत तसं निजव की त्याला. कशाला ताणायलीस?"

थर सोडवायला पाऊण तास गेला. तात्पुरता चिकट सुटतो खरा, पण विरलेल्या सुताला तेवढी ओढही पुरते. एका ठिकाणी दोन बोटं फाटलं. तिथं उरलेल्या काठाचं ठिगळ लावलं.

दुसऱ्या वेळी फ्लीस नुसतं टाकलं, हाताने सरळ केलं आणि थोडा वेळ तसंच पडू दिलं. कोपऱ्यांवर आत्याबाईंनी वरवंटा, खलबत्ता आणि माझ्या दोन गार इस्त्र्या ठेवल्या. (इस्त्री गार असलेलीच बरी, गरम लागली की फ्लीस वितळून चकचकीत डाग पडतो.) फ्लीसची लव कापडाला आपसूक धरते, त्यामुळे जिथं चिकट उडाला होता तिथंच नवा मारला.

शिवताना मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब कमी केला, टाका चार मिलिमीटर, सुई 14 नंबर. दुसऱ्याच ओळीला मशीन मधले मधले टाके गाळायला लागली. सुईला चिकट बसलेला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसत पुसत संपवलं.

ठिगळ मी दाखवलं नसतं तर गिऱ्हाइकिणीला दिसलंही नसतं. दाखवलं. ती त्यावरून बोट फिरवत राहिली, मग वाकळ नाकाशी नेली.

"आणि हा वास कशाचा?"

"चिकटाचा. कोमट पाण्यात एकदा धुवा, जाईल."

दोनशे रुपये कमी घेतले आणि गणवेशांना बसले.