डिशवॉशर निवडताना आधी कढई मोजावी

डिशवॉशर घ्यावा की नाही, हा वाद आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत आता मिटला आहे. कोणता घ्यावा हा प्रश्न मात्र दुकानात पाऊल ठेवल्यावर सुरू होतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. दुकानात यंत्राची क्षमता आठ, बारा, चौदा अशा ‘प्लेस सेटिंग’च्या आकड्यांत सांगतात, मग चौघांच्या कुटुंबाला आठ म्हणजे पुष्कळ झाले, असा हिशेब विक्रेताही करतो आणि आपणही मान डोलावतो. हा आकडा युरोपातल्या चाचणीच्या मानकावरून आला आहे. एका सेटिंगमध्ये एका माणसाच्या ताटल्या, कप, बशी, ग्लास आणि काटे-चमचे धरलेले असतात. आपल्याकडे साध्या वरण-भात-भाजी-पोळीच्या स्वयंपाकानंतर कुकर, त्याचे डबे, आमटीचे पातेले, भाजीची कढई, कणकेची परात, दुधाचे पातेले, झारा आणि डाव एवढा पसारा सिंकमध्ये जमतो, आणि ताटे-वाट्यांची पाळी त्यानंतर येते. म्हणून यंत्राचा प्रकार ठरवताना घरातली माणसे मोजण्याऐवजी सर्वांत मोठी तीन-चार भांडी आणि यंत्र ठेवायची जागा मोजावी, असे माझे मत झाले आहे.

बाजारात मिळणारे प्रकार मोजकेच आहेत. ओट्यावर ठेवायचा लहान डिशवॉशर साधारण ५५ सेंटीमीटर रुंद असतो आणि त्याची क्षमता सहा ते आठ सेटिंगची असते. त्यात बहुधा एकच जाळी असल्याने कढई ठेवली की ताटांना जागा उरत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला किंवा बाहेरचा डबा लावलेल्या जोडप्याला तो उपयोगी पडेल. रोज दोन वेळा स्वयंपाक होणाऱ्या घराला मी तो सुचवणार नाही. जमिनीवर उभा राहणारा अरुंद डिशवॉशर ४५ सेंटीमीटरचा आणि पूर्ण आकाराचा ६० सेंटीमीटरचा असतो. पहिल्यात नऊ-दहा, तर दुसऱ्यात बारा ते सोळा सेटिंग मावतात. याच दोन रुंदींमध्ये ओट्याखाली बसवायचे आणि दारावर फर्निचरचीच फळी लावून घ्यायचे प्रकारही मिळतात.

दुकानात जाताना आम्ही कापडी पिशवीत आईची परात आणि स्टीलची कढई घेऊन गेलो. विक्रेता आधी हसला, पण नंतर त्यानेच जाळ्या बाहेर काढून दिल्या. ४५ सेंटीमीटरच्या यंत्रात परात खालच्या जाळीत तिरकी उभी राहिली खरी, पण मग कढईला जागा राहिली नाही. ६० सेंटीमीटरच्या यंत्रात दोन्ही शेजारी शेजारी बसली. तरीही वरच्या जाळीखालचा पाण्याचा फिरता पंखा हाताने फिरवून पाहिल्यावर तो कढईच्या कानाला अडला, आणि वरची जाळी एक घर उचलल्यावरच मोकळा फिरला. हा पंखा अडला तर पाणी एकाच बाजूला उडत राहते आणि बाकीची भांडी खरकटीच बाहेर येतात. त्यामुळे वरची जाळी वर-खाली होते का आणि खालच्या जाळीतले दाते आडवे पाडता येतात का, या दोन गोष्टी मी पडद्यावर झळकणाऱ्या डझनभर प्रोग्रॅमपेक्षा महत्त्वाच्या मानतो. प्रोग्रॅम कितीही असले तरी रोजच्या वापरात दोनच येतात: तेलकट भांड्यांसाठी ७० अंशांच्या आसपासचा जोरदार, आणि रात्री लावून झोपण्यासाठी तीन-चार तास चालणारा पण वीज-पाणी कमी घेणारा इको. हलक्या स्टीलच्या वाट्या मात्र कोणत्याही यंत्रात पाण्याच्या झोताने उताण्या होतात आणि त्यांत गढूळ पाणी साचते; त्या वरच्या जाळीत दात्यांमध्ये घट्ट अडकवून ठेवाव्या लागतात.

जागेचा प्रश्न पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वेगळाच असतो. जुन्या सोसायट्यांमधले ओटे कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर उभे असतात. दोन फरश्यांमधली मोकळी जागा अनेकदा ६० सेंटीमीटर भरत नाही, आणि मधली फरशी काढायची म्हटले की वरच्या ग्रॅनाइटला आधार कशाचा द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. उंचीचेही तसेच आहे. स्वतंत्र उभा राहणारा डिशवॉशर सुमारे ८५ सेंटीमीटर उंच असतो. जमिनीपासून ओट्याचा वरचा पृष्ठभागच जेमतेम तेवढा भरतो, मग त्याच्याखाली यंत्र जाणार कसे? काही यंत्रांचे वरचे झाकण काढले की उंची ८२ सेंटीमीटरच्या आसपास येते, पण सगळ्यांचे निघत नाही, म्हणून हे आधीच विचारून घ्यावे. स्वयंपाकघर मुळातून नव्याने करायचे असेल तरच ओट्याखालच्या बंदिस्त प्रकाराच्या वाटेला जावे, आणि सुताराला यंत्राचा नकाशा आधी देऊन मग ट्रॉल्या करून घ्याव्यात.

बाकीच्यांसाठी ड्राय बाल्कनी आहेच. वॉशिंग मशिनसाठी दिलेला नळ, सांडपाण्याची जाळी आणि १६ अँपिअरचा प्लग तिथे तयार असतो. पाणी तापवण्यासाठी डिशवॉशर साधारण दोन किलोवॅट वीज घेतो, त्यामुळे साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो लावू नये, आणि दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नकोत. आमच्याकडे एकाच नळाला दुहेरी तोटी बसवून काम भागले. बाल्कनीला पावसाची झड लागत असेल तर आधी तिथे काच किंवा शटर करून घ्यावे. दार पुढच्या बाजूला आडवे उघडते, तेव्हा यंत्रासमोर आणखी ६० सेंटीमीटर जागा आणि वाकून भांडी लावणाऱ्या माणसाला उभे राहण्याइतकी मोकळीक लागते, हेही टेपने मोजून पाहावे.

पाण्याबद्दल दुकानात फारसे कोणी बोलत नाही, पण पुण्यात निवड त्यावरच अडू शकते. महापालिकेचे पाणी मुख्यतः पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांच्या साखळीतून येते आणि ते तुलनेने मृदू असते. बोअरवेलवर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये मात्र पाणी पुष्कळदा जड असते. वाघोलीला राहणारी माझी आत्या म्हणाली, “अरे, काचेचे ग्लास धुऊन निघाले की त्यावर रांगोळी काढल्यासारखं दिसतं.” ती रांगोळी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. यासाठी बहुतेक डिशवॉशरमध्ये राळेच्या (रेझिनच्या) कणांची एक टाकी आणि शेजारी मिठाची टाकी असते. ही राळ पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्याऐवजी सोडियम सोडते. तिची ताकद संपत आली की मिठाच्या पाण्याने ती पुन्हा कामाला लागते. हे मीठ जाड दाण्याचे, खास डिशवॉशरचेच हवे. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते इथे चालत नाहीत. ओट्यावरच्या काही लहान यंत्रांना ही मिठाची टाकीच नसते, आणि टँकरच्या पाण्यावर असे यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. सोसायटीने पाण्याची तपासणी केली असेल तर तो अहवाल सचिवांकडून मागून घ्यावा. यंत्रांच्या पुस्तिकेत जडपणा बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम, म्हणजे अहवालात ३०० असेल तर यंत्र १७ अंशांच्या हिशेबाने लावावे. यंत्र बसवायला येणारा माणूस हे आकडे न विचारताच निघून जाऊ शकतो, म्हणून आपणच त्याला थांबवून विचारावे.

पाण्याच्या दाबाचाही असाच हिशेब आहे. अनेक यंत्रांना किमान ०.५ बार दाब लागतो, म्हणजे नळाच्या वर सुमारे पाच मीटर उंचीवर पाण्याची पातळी हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची गच्चीवरची टाकी नळापासून तीन-चार मीटरच वर असते, आणि मग यंत्र पाणी भरता भरता मध्येच चूक दाखवून थांबते. अशांनी ०.३ बारवर चालणारे यंत्र शोधावे किंवा लहान प्रेशर पंप बसवण्याचा खर्च आधीच धरावा. गुरुवारी पाणी बंद असले तरी टाकीत साठा असेल तर अडत नाही, कारण ६० सेंटीमीटरच्या यंत्राला एका वेळेस साधारण दहा-बारा लिटर पाणी पुरते.

कितीही मोठे यंत्र घेतले तरी काही भांडी हातानेच घासावी लागणार, आणि ती वजा केल्यावर किती उरतात हे पाहूनच आकार पक्का करावा. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर डिशवॉशरच्या अल्कधर्मी पावडरने काळा पडतो. लोखंडी तवा आणि कढई गंजतात, पोळपाट-लाटणे फुगून तडकते, कल्हईची पितळी भांडी आणि तांबट आळीतून हौसेने आणलेले तांब्याचे घंगाळ किंवा तांब्या निस्तेज होतात. ज्या घरात आजही निम्मा स्वयंपाक लोखंडात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये होतो, त्या घराला ४५ सेंटीमीटरचे यंत्र पुरेल. आमच्याकडे कुकरसकट जवळजवळ सगळे स्टीलचे असल्याने आम्ही ६० सेंटीमीटरचे, स्वतंत्र उभे राहणारे यंत्र घेतले. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचे काम त्याने सुटले नाही; तवा, लाटणे आणि देवाची भांडी त्याच घासतात, आणि यंत्राच्या गाळणीत अडकलेली मोहरी आणि भाताची शिते वेळच्या वेळी काढायला हवीत, हेही पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आले.