थ्रीडी कंटेंटची तपासनीस होताना

डॅझ स्टुडिओ किंवा पोझर ही थ्रीडी सॉफ्टवेअर वापरून चित्रे करणारा कलाकार चित्रातली प्रत्येक वस्तू स्वतः घडवत नाही. मानवी आकृती, तिचे कपडे, केस, दागिने, घरे, झाडे असे तयार साहित्य तो विकत घेतो आणि त्यातून आपला प्रसंग उभा करतो. या साहित्याला कंटेंट म्हणतात. पोझर १९९५ साली आले आणि त्यानंतर असे साहित्य करून विकणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. यांतले अनेकजण घरून आणि एकट्याने काम करतात, त्यामुळे वस्तू विक्रीला जाण्यापूर्वी ती दुसऱ्या कुणीतरी बारकाईने वापरून पाहावी याची त्यांना खरी गरज असते. हे वापरून पाहण्याचे काम मी आता नियमितपणे करते.

या कामाला मी ग्राहक म्हणूनच आले. विकत घेतलेल्या एका पोशाखातला दोष मी त्याच्या निर्मातीला सविस्तर लिहून कळवला: सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, कोणती आकृती, आकृतीचा आकार किंवा स्थिती बदलणारा कोणता डायल किती फिरवल्यावर काय दिसले, आणि सोबत दोन्ही बाजूंनी घेतलेली चित्रे. तिने पुढच्या पोशाखाची तपासणी कराल का, असे विचारले. माझ्या माहितीतले इतर तपासनीसही बहुतेक याच वाटेने आले आहेत. चित्रकलेतले कौशल्य उपयोगी पडते, पण निर्मात्याला सर्वांत जास्त हवी असते ती दोष पुन्हा जशाच्या तशा घडवून दाखवता येईल अशी नोंद. ‘खांद्यापाशी काहीतरी विचित्र दिसते’ या वाक्याचा त्याला काहीच उपयोग नसतो.

निर्मात्याच्या संगणकावर सगळे नीट चालते, आणि नेमके तेच फसवे असते. डॅझ स्टुडिओची फाइल टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचा, पत्ता कंटेंट ठेवण्याच्या लायब्ररीच्या फोल्डरपासून मोजते, परंतु टेक्स्चर लायब्ररीबाहेर, समजा डेस्कटॉपवर असताना साहित्य जतन केले, तर निर्मात्याच्या सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता फाइलमध्ये लिहिला जातो. त्याच्या यंत्रावर ते चित्र सापडते, ग्राहकाच्या यंत्रावर सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक वस्तू वेगळ्या, रिकाम्या लायब्ररीत बसवते, तिच्यासोबत फक्त आवश्यक तेवढी मूळ आकृती ठेवते आणि प्रत्येक फाइल उघडल्यावर लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः केलेल्या नोंदी, वाचते. लॉग वाचणे कंटाळवाणे असते, तरी पडद्यावर न दिसणारे अनेक दोष तिथेच सापडतात.

कपड्यांची तपासणी मला सर्वांत प्रिय आहे आणि सर्वांत जास्त वेळही तीच घेते. कपडा आकृतीच्या हाडांच्या सांगाड्याला जोडलेला असतो आणि तिच्यासोबत वळतो. हात वर, गुडघे दुमडलेले, कंबर वळवलेली अशा स्थितींत कापडातून त्वचा बाहेर डोकावते का, काख किंवा मांडीचा सांधा चुरगळतो का, हे पाहावे लागते. त्यानंतर आकृती स्थूल, कृश, वृद्ध करून तेच सर्व पुन्हा करावे लागते. एका नऊवारीची तपासणी करताना माझ्या ध्यानात आले की, तपासणीसाठी मिळालेल्या पोझमध्ये उभे राहणे, चालणे, खुर्चीत बसणे सर्व होते, मात्र मांडी घालून बसणे नव्हते. नऊवारी नेसलेली बाई मांडी घालून बसणारच. ती पोझ मी स्वतः तयार केली, आणि २०१७ साली आलेल्या डीफोर्स या कापडाच्या सिम्युलेशनवर, म्हणजे कापड खरोखर कसे पडेल याच्या संगणकीय नकलेवर, साडी सोडली, तेव्हा पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये चिमटलेल्या निऱ्या उसळून सर्व दिशांना फुटल्या. निर्मातीने काष्ट्याचा तो भाग सिम्युलेशनमधून वगळून सांगाड्यावरच ठेवला आणि प्रश्न सुटला. त्याच साडीत काठाचे टेक्स्चर दोन्ही बाजूंना आरशासारखे उलटवून वापरलेले होते, त्यामुळे काठावरचे मोर एका बाजूला पदराकडे पाहत होते आणि दुसऱ्या बाजूला पदराकडे पाठ करून उभे होते. तांत्रिकदृष्ट्या हा दोष नव्हता, पण ज्यांच्या घरी साडी नेसली जाते त्यांच्या नजरेला तो लगेच खटकला असता, आणि माझ्या मते अशी नजर पुरवणे हेही तपासनिसाचेच काम आहे.

जुन्या यंत्राचाही येथे मोठा उपयोग होतो. ४०९६ पिक्सेल लांबी-रुंदीचे एक रंगीत टेक्स्चर उघडल्यावर सुमारे ५० एमबी जागा घेते, आणि एकाच पोशाखात अशी वीस-पंचवीस टेक्स्चर सहज असतात. प्रसंग ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत मावला नाही तर प्रसंगाचे अंतिम चित्र काढणारे डॅझ स्टुडिओतले आयरे इंजिन ते काम प्रोसेसरवर ढकलते आणि मिनिटांचे रेंडर, म्हणजे ते चित्र काढणे, तासांवर जाते. महागडे कार्ड असलेल्या निर्मात्याला हे कधीच जाणवत नाही. एका बटणासाठी एवढे मोठे टेक्स्चर नको, हे मी आवर्जून लिहिते.

मोबदला म्हणून बहुधा त्या वस्तूची एक प्रत मिळते. छंद म्हणून काम करणाऱ्याला ते पुरेसे वाटू शकते, परंतु अनेक संध्याकाळी खर्चून केलेल्या तपासणीला पैसे मिळाले पाहिजेत आणि वस्तूसोबतच्या माहितीपत्रकात तपासनिसाचे नाव असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. निदान नावाची अट मी आता काम स्वीकारण्यापूर्वीच सांगते, आणि आजवर एकाही निर्मात्याने तिला नकार दिलेला नाही.