आमची वाटचाल: गाडीत छापणं सोपं, बांधणं अवघड

अमेरिकेत २००२ साली इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथसंग्रह चालवणाऱ्या संस्थेने एका गाडीत प्रिंटर बसवला आणि हक्कमुक्त (कॉपीराइट संपलेली) पुस्तकं जागच्या जागी छापून दिली. तीच रीत आम्ही वर्धा-यवतमाळच्या गावांत आणली. ड वर्गाचं (सर्वांत लहान शासनमान्य) वाचनालय, जिल्हा परिषदेची शाळा आणि आठवडी बाजार हे आमचे थांबे. छपाई लवकर जमली, बांधणीने मात्र वेळ खाल्ला.

सुरुवात पिनांच्या बांधणीने केली. ए-फोरचे १६ कागद मधोमध दुमडले की ६४ पृष्ठांची पुस्तिका होते. त्यापुढे आतली पानं कडेने बाहेर सरकतात, पिनही धड बसत नाही. म्हणून जाड पुस्तकांसाठी हॉटमेल्ट (तापवून लावायच्या) गोंदाचं परफेक्ट बायंडिंग घेतलं, म्हणजे सुट्या पानांची पाठ गोंदाने कव्हरला चिकटवायची. २०० पृष्ठांच्या ए-फाइव्ह पुस्तकाला ए-फोरचे ५० कागद लागतात, म्हणजे ५०० कागदांच्या एका रिममध्ये दहा पुस्तकं. पहिल्या कागदावर पुढे १ आणि १०१, मागे १०२ आणि २ अशी पृष्ठं लावायची. छापलेला गठ्ठा मधोमध कापून डावा भाग उजव्यावर ठेवला की क्रम जुळतो. पाठ साधारण १० मिलिमीटर होते. कव्हरची रुंदी १४८ + १० + १४८, म्हणजे ३०६ मिलिमीटर. ए-फोर पुरत नाही, ए-थ्री कार्डच घ्यावं लागतं. पाठीला मिलिमीटरभर खाचा पाडल्याशिवाय गोंद पानांत शिरत नाही. गोंद पुरता थंड होण्याआधी कडा कापल्या तर पाठ ओढली जाते.

सगळ्यात जास्त नुकसान कागदाच्या ग्रेनने, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेने केलं. बाजारातल्या ए-फोरचा ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेने असतो. तो कापून ए-फाइव्ह केला की ग्रेन पाठीला आडवा येतो, पुस्तक ताठ राहतं आणि पावसाळ्यात पाठीजवळ लाटा उठतात. आता आम्ही मोठे शीट घेऊन ग्रेन पाहून कापून घेतो. घरी तपासायचं असेल तर कागद फाडून बघा. ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की उन्हात उभ्या, बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि पानं निखळतात. तयार पुस्तकं डॅशबोर्डवर कधीच ठेवू नयेत. कोरड्या हवेत कागदाला स्थिर वीज धरते, एकदम दोन कागद ओढले जातात. रिम आधी फडफडवून सुटी करून घ्यावी.

वीज हा वेगळा हिशेब. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट, म्हणजे ३.६ युनिट, त्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर बॅटरी लवकर बसते. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (शाई कागदावर वितळवून बसवणारा तापता भाग) आणि गोंदाचा हीटर एकाच वेळी तापवले तर इन्व्हर्टर ट्रिप होतो. आधी छापून घ्यायचं, मग गोंद तापवायचा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा हवा.

जुन्या स्कॅनमधल्या पिवळ्या रंगापायी टोनर (छपाईची पूड) जास्त खर्च होतो, म्हणून पानं काळी-पांढरी करतो. पण ‘डाग काढा’ हा पर्याय जोरात लावला की अनुस्वारही डाग समजून पुसले जातात. जुन्या मराठीत ‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार जागोजागी, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालतो.

हक्काच्या बाबतीत आम्ही काटेकोर आहोत. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष लागल्यापासून ६० वर्षं मोजायची. लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झालं असेल तर मोजणी प्रकाशनानंतरचं वर्ष लागल्यापासून. अनुवादकाचा आणि संपादकाच्या टिपांचा हक्क वेगळा. स्कॅन इंटरनेटवर सापडला एवढ्याने पुस्तक मुक्त होत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा १८८२ सालचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध आम्ही बिनधास्त छापतो. गावोगावी मागणी असते ती ‘ग्रामगीते’ची. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, त्यामुळे ती १ जानेवारी २०२९ पासूनच मुक्त होईल. तोवर मागणाऱ्याला आम्ही छापील प्रत विकत घ्यायला सांगतो.