उरलेल्या मेणाचं काय करायचं? माझा अनुभव

मेणबत्ती लावून संकल्प करणं मी एका संध्याकाळी शिकले. संकल्प पुरा झाल्यावर बशीत जे मेण उरतं त्याचं काय करायचं, हे समजून घ्यायला मात्र मला अख्खा हिवाळा लागला.

मी इंग्लंडमध्ये, डेव्हनमधल्या एक्सेटरला राहते. या देशात जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 साली रद्द झाला. त्यानंतर 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी निसर्गपूजा आणि जादू मानणाऱ्या स्वतःच्या पंथाबद्दल उघडपणे लिहिलं आणि त्याचं ‘विक्का’ हे नाव हळूहळू सगळ्यांच्या परिचयाचं झालं. आमचा विक्काचा गट अगदी लहान आहे. वर्षाचे आठ सण पाळतो, चंद्राच्या तिथी सांभाळतो, आणि एरवी ज्याची त्याची उपासना घरी चालते. त्या उपासनेत रोज हाताशी असणारी वस्तू म्हणजे मेणबत्ती. जादू म्हटलं की आपल्याकडे करणी-भानामती डोळ्यांपुढे येते. इथे मी जे करते ते आपल्या संकल्पाच्या आणि नवसाच्या जास्त जवळचं आहे. आजारपणात औषधपाणी डॉक्टरचंच, त्यात तडजोड नाही. मेणबत्ती माझ्या मनाला एका जागी बसवते, आणि त्या बसण्यात ताकद आहे असं मी मनापासून मानते.

त्या शरदात माझे तीन संकल्प होते. मुंबईत भावाचं ऑपरेशन होतं, त्याच्यासाठी पांढरी मेणबत्ती. कामाच्या ठिकाणी कंत्राट पुढे चालू राहावं म्हणून हिरवी. आणि मध्यरात्री भारतातून फोन वाजेल ही धास्ती, जी परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी असते, ती जावी म्हणून काळी.

पद्धत सांगते. मेणबत्तीच्या अंगावर टाचणीनं नाव किंवा खूण कोरायची. मग तेल लावायचं. हवं ते जवळ आणायचं असेल तर बोटं स्वतःकडे ओढत, नको ते घालवायचं असेल तर स्वतःपासून लांब नेत. काही जण मधोमध सुरू करून दोन्ही टोकांकडे चोळतात. हा घराघराचा रिवाज आहे, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. मोठी मेणबत्ती अनेक रात्री चालवायची असेल तर तिच्यात थोड्या थोड्या अंतरावर टाचण्या खोचायच्या आणि रोज एक टाचणी गळून पडेपर्यंतच जाळायची. टाचण्यांचा हा वापर इथल्या खेड्यांत जुना आहे. ज्योत टाचणीपाशी पोचली की मनातला माणूस दारात येतो, अशी पोरींची समजूत असे.

विझवताना फुंकर घालायची नाही, झाकणीनं किंवा चिमट्यानं विझवायची. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. देवापुढचं निरांजन कुणी फुंकलेलं आजीला कधीच खपलं नाही.

अडचण सुरू झाली ती उरलेल्या मेणापासून. पांढरी मेणबत्ती जाडजूड होती. ऑपरेशन झालं, भाऊ घरी आला, तरी अर्धी शिल्लक होती. हिरवीचं मेण बशीभर पसरून थिजलं होतं. काळीचा बुंधा राहिला होता. गटात विचारलं तर जितकी माणसं तितकी मतं. एकीनं सांगितलं, मेणबत्ती एका संकल्पाची, दुसऱ्या कामाला तिला हात लावायचा नाही. दुसरी म्हणाली, अंगणात पूर, म्हणजे फळ घरात राहतं. तिसऱ्यानं सरळ कचऱ्याची पेटी दाखवली. ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंनी उत्तर दिलंच नाही. “तुला काय वाटतं ते आधी बघ,” एवढंच म्हणाल्या.

मला वाटत होतं ते हे, की हे निर्माल्य आहे. देवाला वाहिलेलं फूल आपण केरात टाकत नाही, पायदळी येऊ देत नाही. मग ज्या मेणापुढे भावाचं नाव घेऊन मी रोज बसले, ते बटाट्याच्या सालींबरोबर कसं टाकू? नदीचा विचार मनात आला आणि गेला. बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्यांचं मेण म्हणजे पॅराफिन, पेट्रोलियममधून निघालेलं. ते पाण्यात विरघळत नाही, मातीतही सहजी कुजत नाही. गावातून वाहणाऱ्या एक्स नावाच्या नदीत ते सोडणं मला पटेना. म्हणून सगळे तुकडे एका पत्र्याच्या डब्यात जमत राहिले.

उत्तराची वाट सापडली ती आमच्या गावच्या कॅथेड्रलमध्ये. मे 1942 मध्ये जर्मन विमानांनी एक्सेटरवर बॉम्ब टाकले, त्यात कॅथेड्रलचंही नुकसान झालं. दुसऱ्या वर्षी डागडुजी चालू असताना बिशप एडमंड लेसी यांच्या कबरीच्या वरच्या दगडी पडद्यावरच्या पोकळीत मेणाच्या वस्तू सापडल्या. लेसी 1455 साली वारले, त्यानंतर लोक त्यांच्या कबरीपाशी नवस बोलू लागले. सापडलेल्या वस्तूंमध्ये माणसाचे हात, पाय, बोटं होती, जनावरांचे अवयव होते, आणि एका बाईची अख्खी छोटी मूर्ती होती. ज्या अवयवाचं दुखणं, तो मेणाचा करून वाहायचा.

हे वाचलं आणि मला वांद्र्याची मोत माउली आठवली. माझं बालपण खारचं. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी माउंट मेरीची जत्रा सुरू झाली की चढावरच्या ठेल्यांवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असत. आजी कट्टर वारकरी घरातली, तरी गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेऊन वर चढायची. तिच्यासोबत कोळणी असत, गुजराती शेठाणी असत, कुणाला कुणाचं आश्चर्य वाटत नसे. वाहिलेलं ते मेण वितळवून पुन्हा साच्यात जातं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या लेखी त्यात वावगं काही नव्हतं, कारण पाय तिनं माउलीच्या हवाली केला होता आणि पुढचं माउली बघून घेणार होती.

मग मी जुन्या काळातलं शोधत गेले, आणि जे सापडलं त्यानं मला फार धीर दिला. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये आजारी माणसाच्या उंचीइतकी वात मापून घेत, तिची मेणबत्ती करत आणि ती संताला वाहत. दर 2 फेब्रुवारीला, कँडलमसच्या दिवशी, लोक चर्चमध्ये मंतरलेल्या मेणबत्त्या घरी नेऊन जपून ठेवत. वादळ झालं की त्यातली एक लावायची, घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की लावायची. म्हणजे एकच मेणबत्ती लावत-विझवत अनेक प्रसंगांना पुरवायची. रोममध्ये तर ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीचं आदल्या वर्षीचं उरलेलं मेण घेऊन त्याच्या चकत्या पाडत, त्यांवर कोकराचा ठसा उमटवत आणि पोप त्या मंतरत. ‘आग्नुस देई’ म्हणतात त्यांना. आग, वादळ, बाळंतपणाचा धोका यांपासून राखण म्हणून लोक त्या गळ्यात घालत. प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना हे सगळं खुपलं. 1548 मध्ये इंग्लंडात कँडलमसच्या मेणबत्त्यांवर बंदी आली आणि 1571 च्या कायद्यानं आग्नुस देई देशात आणणंही गुन्हा ठरलं.

एका संकल्पाला एक नवी मेणबत्ती, हा नियम जणू अनादी काळापासून चालत आलाय असं जे सांगितलं जातं, त्यावर माझा विश्वास उरला नाही. मेण पूर्वी महाग होतं. गरिबाच्या घरात चरबीची दिवटी जळायची, मधमाशांचं मेण देवासाठी. ते फेकून देणं कुणाला परवडलं असतं? नवी मेणबत्ती प्रत्येक वेळी घ्यायला लावणारा नियम दुकानांच्या सोयीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी सगळं मेण एका पातेल्यात ओतावं, हेही मला मान्य नव्हतं. डबा उघडून मी तुकडे वेगळे केले. वेगळे करताना रंग दुय्यम होता. मी विचारत होते की या मेणाचं काम कोणतं होतं आणि ते संपलं का. पांढरीचं काम झालं होतं, तेही चांगलं झालं होतं, आणि तिची जात आशीर्वादाची होती. असं मेण पुढच्या आशीर्वादाला द्यायला हरकत नाही, उलट त्यात आधीचं पुण्य आहे. हिरवीचं काम चालू होतं, कंत्राटाचा निकाल लागायचा होता. ते मेण फक्त नव्या हिरव्या मेणबत्तीतच जाणार, दुसऱ्या कशात नाही. काळीनं जे काढून घेतलं ते तिच्यात होतं. आपल्याकडे उतारा तिठ्यावर ठेवला की मागे वळून बघत नाहीत आणि त्यातलं काही घरात परत आणत नाहीत. तोच न्याय इथे. काळं मेण पुन्हा वितळायचं नाही.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि त्यांचा ओतकामाचा तोटीचा डबा त्यांनी मला कायमचा देऊन टाकला.

आता प्रत्यक्ष काम. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरं भांडं ठेवायचं आणि मेण त्यात. पॅराफिन साधारण 50 ते 65 अंशांच्या दरम्यान वितळतं, मधमाशांचं मेण 62 ते 64 ला, म्हणजे उकळत्या पाण्याची आच पुष्कळ झाली. जागेवरून हलायचं नाही. मेणानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, पाण्याची वाफ होऊन पेटतं मेण उसळतं. आच बंद करून झाकण घालायचं. आणि उरलेलं गरम मेण मोरीत ओतलंत तर पाइप तुंबलाच म्हणून समजा.

वितळलेलं मेण जुन्या मलमलीतून गाळून घ्यायचं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो टाळता येत नाही. जळक्या वातीचे कण, काजळी, तेलासोबत चिकटलेल्या वाळक्या पानांचा चुरा मेणात राहिला तर नवी वात तो शोषून घेते, चोंदते आणि ज्योत बुडते. मी गाळताना ज्याच्यासाठी मेणबत्ती लावली होती त्याचं नाव घेऊन आभार मानते आणि मग कोरलेली जुनी खूण गेली असं मोठ्यानं म्हणते. माझ्या दृष्टीनं मेण मोकळं होतं ते इथेच. चंद्रप्रकाशात ठेवणं, मिठात पुरणं वगैरे उपाय मी ऐकलेत. ज्याला त्यातून समाधान मिळतं त्यानं जरूर करावेत.

वात मात्र नवीच घ्या. समईची कापसाची वात इथे चालत नाही. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते, जी जळताना टोकाशी वाकते आणि आपोआप जळून आखूड होत राहते. ती आधी मेणात बुडवून ताठ करून घ्यायची. साचा जितका रुंद तितकी वात जाड. बारीक वात रुंद मेणबत्तीत घातली तर मधे विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच उभं राहतं. ओतल्यावर मेण निवताना आकसतं आणि वातीभोवती खळगा होतो, म्हणून थोडं मेण राखून ठेवून तो खळगा भरून घ्यायचा. वेगवेगळ्या मेणबत्त्यांचं मेण एकत्र केलं की ते कसं जळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा पहिल्यांदा लावाल तेव्हा समोर बसून राहा.

आमच्या सणांमध्ये 1-2 फेब्रुवारीच्या सुमाराला इंबोल्क येतो, कँडलमसच्याच दिवसांत. बाहेर बोचरी थंडी, पण झुडपांखाली स्नोड्रॉपची पांढरी फुलं वर आलेली असतात. त्या संध्याकाळी मी पांढऱ्या मेणाची नवी मेणबत्ती गटासमोर ठेवली. भावाच्या नावाचं मेण आता वर्षभर सगळ्यांच्या प्रकृतीसाठी लागेल, असा संकल्प केला आणि प्रत्येकानं आपल्या डब्यातला एक एक पांढरा तुकडा पुढच्या वर्षासाठी मला आणून दिला. “माझं मेण कशाला?” असं विचारणारा, कचऱ्याची पेटी दाखवणारा तो माणूसही त्यात होता. त्यानं आईसाठी लावलेल्या मेणबत्तीचा बुंधा आणला होता.

हिरवी मेणबत्ती मी अजून जाळते आहे. कंत्राट वाढवून मिळालं, ते वर्षापुरतं.

काळं मेण वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याची गाडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी बाहेरच्या पेटीत ठेवलं आणि मागे न बघता घरात आले. हे मला मातीत पुरण्यापेक्षा बरं वाटतं, कारण घराची हद्द खरोखर सुटते. फोनची धास्ती कमी झाली आहे, गेलेली नाही. पुढच्या अवसेसाठी काळी मेणबत्ती आणून ठेवली आहे, नव्या मेणाची, बारीक, एका बैठकीत संपेल एवढीच.